चवतात्या आणि सफरचंदाची तपासणी

चौकातल्या फळवाल्याला सगळे चवतात्या म्हणत. गिऱ्हाईक गाडीपाशी थबकलं की तात्या सफरचंदाची फोड कापणार, आधी स्वतःच्या तोंडात टाकणार, डोळे मिटून मान डोलावणार आणि मगच दुसरी फोड पुढे करणार. तीस वर्षं धंदा केला तो असा. ती मान डोलली की गिऱ्हाईक भाव विचारायचंसुद्धा विसरायचं!

आणि नेमके अशा माणसाचे ओठ सुजायला लागले. फोड खाल्ली की तोंडाला खाज, वर ओठ असे टम्म, की बायको म्हणाली, "अहो, माझ्यावर रुसलात की काय?" डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला, ॲलर्जीची तपासणी होईपर्यंत सफरचंद बंद. झालं! तात्या गाडीपाशी नुसते खांबासारखे उभे. एक आजी तर तोंडावर म्हणाल्या, "तुम्हीच खाईनात, मग मी कशाला घेऊ?" तात्यांच्या ते जिव्हारी लागलं. न चाखता फळ विकणं त्यांना या जन्मी तरी जमणार नव्हतं.

तपासणीला तात्या बायकोबरोबर गेले ते गाडीवरची पिशवीभर फळं आणि स्वतःची सुरी घेऊन. नर्सबाईंनी सुई उचलली, तसा तात्यांनी हात आडवा घातला. "थांबा ताई. सफरचंद मीच कापणार. दुसऱ्याच्या हातची फोड मला चालत नाही."

ताई हसल्या. तात्यांनी आपल्या सुरीनं कापलेल्या फोडीत त्यांनी सुई टोचली, तीच तात्यांच्या हातावर हलकेच टोचली आणि पंधरा मिनिटं बसवलं. दहाव्या मिनिटालाच गांधी उठली, चांगली वाटाण्याएवढी. तात्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "संपलं गं सगळं," ते बायकोला म्हणाले.

ताई मात्र सुरीकडे बघत होत्या. "काका, हिनं याआधी काय कापलं होतं?"

"किवी. दोन महिने झाले ठेवायला लागून. मी नाही हो खात ती केसाळ भानगड! गिऱ्हाइकाला दाखवायला कापतो."

"मग सुरी धुतली?"

"धुवायची कशाला? खांद्यावरच्या फडक्याला पुसली की!"

"आणि ते फडकं आमच्या लग्नापासून धुतलेलं नाही," बायकोनं भर घातली.

ताईंनी अख्खं सफरचंद स्वच्छ धुतलं, नव्या सुईनं दुसऱ्या हातावर तपासलं. शेजारी किवी, तिची वेगळी सुई. पंधरा मिनिटांनी बघतात तो सफरचंदाची जागा गुळगुळीत, आणि किवीची गांधी हीऽऽ एवढी!

तरी खात्री हवी. डॉक्टरीणबाईंनी धुतलेल्या सुरीनं सफरचंद कापून तात्यांना समोर बसवून खायला घातलं. आधी कणभर, मग थांबा, मग फोडभर, मग पुन्हा थांबा. खाज नाही, सूज नाही. शेवटच्या फोडीला तात्यांनी डोळे मिटले. सगळा दवाखाना श्वास रोखून बघतोय.

तात्यांची मान डोलली. "घ्या ताई, बिनधास्त घ्या. एक नंबर माल आहे!"