पाटकऱ्याचा गहू

"सावली गोड शे भाऊ, पण डोया लाई देस," असं म्हणून आबा उन्हात बसायचे. निंबाचं झाड चार पावलांवर, आणि हा माणूस फावडं मांडीवर आडवं धरून तापलेल्या दगडावर. येणारा-जाणारा हसायचा. "आबा, स्वतःचं वाळवण घातलं का?"

"हाव. पापड व्हई गया मन्हा."

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याला लोक येडा म्हणतात आणि भरवशाच्या कामाला त्यालाच बोलावतात. आमचे आबा धुळ्याकडे पांझरेच्या काठाला पाटकरी होते. देश नुकताच मोकळा झाला होता. आमच्या फडात, म्हणजे एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्यांच्या शेतांत, पाणी पाळीपाळीने मिळायचं. शेत ज्याचं, त्यानेही पाण्याला हात लावायचा नाही, पाणी वळवायचं ते पाटकऱ्यानेच, असा रिवाज. म्हणजे बठ्ठा गाव, सगळाच्या सगळा, एका माणसाच्या जागेपणावर.

आधी आबाही सावलीतच बसायचे. एका माघात लेकीला सासरी पोचवून, रात्रभर गाडीत हिंदकळत आले आणि तसेच पाटावर गेले. त्या दिवशी पाळी होती खालच्या अंगाला शेत असलेल्या एका म्हाताऱ्याची. दुपारी निंबाखाली आबांचा डोळा लागला. पाटाचा काठ फुटला. जाग आली तेव्हा पाळीचं पाणी नाल्याला गेलेलं. आणि दिवस गव्हात दाणा भरायचे.

खेकडे काठ पोखरतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझं शेत शेजारीच होतं. मी म्हटलं, "आबा, खेकड्यावर घाला ना. कोण विचारतंय?"

"खेकडा तेनं काम करस, भाऊ. झोपनू मी."

संध्याकाळी पंचांपुढेही तेच बोलले. पंच म्हणाले, "चालायचंच, आबा." आबांना चालेना. दुसऱ्या दिवशी पाणी त्यांच्या स्वतःच्या तुकड्याला मिळायचं होतं. "मन्हं पानी तेले द्या," म्हणाले. सकाळी आपल्याच हाताने ते पाणी म्हाताऱ्याच्या शेतात वळवलं. वळवताना स्वतःच्या गव्हाकडे पाठ करून उभे होते. तेवढं बघवलं नसेल.

आणि त्यांची बायको! दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "आते वरीसभर काय खावानं? तुम्हना न्याय?"

"जवारी शे," आबा म्हणाले.

त्यावर तिने बोलणंच टाकलं. भाकर पुढ्यात ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. आबा उन्हात बसू लागले ते तेव्हापासून. इकडे गहू वाळत गेला, दाणा जिऱ्यासारखा चिमटला.

कापणीला मी बांधावर होतो. ती पुढे विळा चालवत होती, आबा मागे. आबा काहीतरी सांगत होते, ती मान वर करत नव्हती. मग एकदम थांबली. पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. हसता हसता त्या चिमटलेल्या गव्हातच खाली बसली.

आबा गेले, मागोमाग तीही गेली. माझ्या घरची चूलही आता मीच पेटवतो. माझी बायको रुसायची तेव्हा मी ढेकळासारखा गप्प बसायचो. कापणीच्या त्या दिवशी आबा त्यांच्या बायकोला काय म्हणाले, ते वाऱ्याने मला ऐकू आलं नाही. नंतर विचारायचं राहून गेलं.