विठाबाईचं उत्तर

विठाबाई, तुला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायची हिंमत होते आहे. माझा तुझ्यावर जळफळाट झाला. जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या बाईचा, कापूस वेचणाऱ्या बाईवर. लाज वाटते, पण झाला.

एवढं लिहून मनकर्णाबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांची भाची मैत्री हैदराबादला विद्यापीठात शिकते. वंश, जात, भाषा यांतून माणसाची ओळख कशी घडते, हे तिथे इतिहास, समाजशास्त्र, साहित्य असं सगळं एकत्र करून शिकवतात. सुट्टीत ती मुलाखती घ्यायला आत्याच्या गावी, तेलंगणाच्या सीमेवरच्या बेल्याला आली. आत्या बी.ए., निजामाच्या राजवटीपासूनच्या तारखा तोंडपाठ. तासभर बोलल्या. मैत्रीनं रेकॉर्ड केलं, मधे दोनदा जांभई दाबली.

मग ती विठाबाईकडे गेली. विठाबाई बारा वर्षांची असल्यापासून दुसऱ्याच्या वावरात राबलेली. तेलगू बाजारात शिकली, गोंडी सोबतच्या बायांकडून. नवरा लवकर गेला, तीन पोरी एकटीनं उजवल्या. मैत्रीनं विचारलं, आजी, तुम्ही स्वतःला कोण समजता? विठाबाईनं मेथी निवडणं काही थांबवलं नाही.

"इचारनारा कोन हाय, त्यावर हाय माय. तहसिलात दाखल्यावरची जात. तेलगू मास्तरासमोर मी मराठी. पाटलाच्या वावरात पान्याचा गिलासच येगळा, तिथं काई सांगाच लागत नाई."

संध्याकाळी जेवताना मैत्रीच्या तोंडी तेच. "आत्या, आमचे सर अख्खं सेमिस्टर हेच शिकवून राह्यले. आजीनं भाजी निवडता निवडता सांगितलं."

"जेव. भाकर गार होते," मनकर्णाबाई म्हणाल्या.

परत निघायच्या दिवशी विठाबाई वेचणीला गेलेली. मैत्रीनं संमतीचा कागद आत्याच्या हाती दिला. आजीला वाचून दाखव, अंगठा घे, फोटो पाठव. त्याशिवाय तिचं बोलणं निबंधात घेता येत नाही. मनकर्णाबाई हो म्हणाल्या.

आठवड्यानं विठाबाईनंच रस्त्यात अडवलं. "मास्तरीनबाई, पोरीचा काई कागद होता म्हने?"

"पाठवते म्हणाली," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पुढे झाल्या. मैत्रीचा फोन आला की सांगायच्या, विठाबाई भेटतच नाही गं.

मार्चमध्ये निबंध गेला. विठाबाई त्यात नाही. मनकर्णाबाईंच्या तारखा आहेत, तळटीपेत, नावासकट. ती तळटीप त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचवेना.

विठाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून. कागद अजून कपाटात, साड्यांखाली. अंगठ्याची चौकट कोरी.