लोणावळ्यात कोरडेपणा शोधणारे भाऊजी

२१ नोव्हेंबर १९४३. नवा आंबेमोहर निवडायला घेतला आहे. हात गुंतले की डोकं मोकळं राहतं, आणि आज त्या मोकळ्या डोक्यात माझे धाकटे दीर येऊन बसले आहेत.

लोणावळ्यात लोक हवा खायला येतात. तीच हवा बाटलीबाहेर ठेवण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच. भाऊजी इथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ पडवीलगतच्या खोलीत प्रयोग करायचे. मॅग्नेशियमचा कीस ईथर नावाच्या उग्र वासाच्या द्रवात दुसऱ्या एका रसायनाबरोबर विरघळवायचा आणि त्यातून नवे पदार्थ घडवायचे, हे त्यांचं काम. त्याला ओलसर हवा नुसती लागली तरी सगळं फुकट. आणि हे कुठे, तर जिथे श्रावणात मिठाचं पाणी होतं, काडी पेटत नाही आणि चपलांना बुरशीची लव येते तिथे! ओल शोषून घ्यायला खोलीच्या चारी कोपऱ्यांत कळीच्या चुन्याची घमेली. ओली छत्री घेऊन कुणी दारात आलं की आतून हुकूम यायचा, "तिथेच थांबा!" एकदा खुद्द हेडमास्तर पाऊण तास पडवीत उभे होते. औंढ्याहून दूध घालायला येणारी ठकूबाई मला म्हणाली, "बाई, भाऊ पान्याला भित्यात व्हय?"

"पाण्याला नाही गं, हवेतल्या ओलीला."

"मंग हितं कशापायी ऱ्हात्यात? सोलापूरला जावं की! तितं लय कोरडं."

मी हे भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "सोलापूरला वहिनी नाहीत."

"म्हणजे आयतं जेवण नाही, असंच ना?"

जेवणच नव्हे, भांडीही आयती. कीस शेगडीवर तापवून कोरडा करायला ते माझं भाताचं तांब्याचं पातेलं न्यायचे. एका उन्हाळ्यात त्यांच्या बाटलीत चिकट तेलाऐवजी पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक आले. असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकांना कळवलं. उत्तर आलं: दिवाळीच्या सुट्टीत येतो. डोळ्यांदेखत करून दाखवलंत तर माझ्या प्रयोगशाळेत जागा देईन, नाहीतर हा नाद सोडा. भाऊजी चाळिशीला आले होते. असं पत्र पुन्हा येणार नव्हतं. पाऊस ओसरल्यावर त्यांनी नऊ वेळा प्रयोग केला. नऊही वेळा चिकट तेल. जेवण सुटलं, दाढी वाढली.

शेवटी मीच विचारलं, "तेव्हाचं आणि आताचं, बदललं काय?"

"काहीच नाही. वही बघा."

मी वही वाचली. शेगडी, कोळसे, कीस, 'वहिनींचे पातेले'.

"हे बदललंय," मी म्हटलं. "गणपतीआधी कल्हई करून घेतली. कल्हईवाले चाचा रागावलेच माझ्यावर. 'बाई, आतून सगळं तांबं उघडं पडलंय, यात भात शिजवता?' म्हणाले."

भाऊजींनी माझी सुरी उचलली आणि नवी कोरी कल्हई खरवडायला लागले. मी भाताला दुसरं पातेलं काढलं. दोन दिवसांनी सुया परत आल्या.

"तांब्याचा कण, वहिनी! डोळ्याला दिसणार नाही एवढा. स्वतः तसाच राहतो, पण बाकीच्यांची वाट बदलून टाकतो."

"लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा."

"अगदी तसा! पण हे प्राध्यापकांना लिहून द्यावं लागेल."

"काय? आमच्याकडे उघड्या तांब्यात भात शिजतो म्हणून?"

"त्याशिवाय शास्त्र पुरं होत नाही."

"लिहा. पण भाताचं म्हणू नका, पाणी तापवायचं म्हणा."

"वहिनी, पाण्याचं म्हटलं तर ते मला दारातूनच हाकलतील!"

शेवटी भाताचंच लिहिलं. प्राध्यापक आले, त्यांनी सुया पाहिल्या, पातेल्यातही वाकून पाहिलं, आणि माझ्याकडे बघण्याचं सौजन्याने टाळलं. महिनाभरात भाऊजी मुंबईला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची खोली झाडायला घेतली. फळीवर एका पुडीत थोडा कीस उरला होता. फेकण्याआधी एक तुकडा चिमट्यात पकडून चुलीतल्या जाळावर धरला. असा पांढरा उजेड पडला की छपराखालचं जाळंन्‌जाळं दिसलं. मी हात धुतले आणि भाऊजींना कार्ड लिहिलं: 'मॅग्नेशियम एवढं पांढरं का जळतं? सोप्या भाषेत कळवा, किंवा येऊन सांगा.'