आकाशाचा रकाना

आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर बोटीवर राहतो आणि उरलेले महिने लेस्टरच्या घरात. बोट म्हणजे नॅरोबोट, कॅनॉलवर चालणारी, रेल्वेच्या डब्यासारखी लांब आणि अरुंद. आमच्या परवान्यात एका जागी चौदा दिवसांहून जास्त राहता येत नाही, त्यामुळे पुढची जागा आधीच ठरलेली लागते. पहिल्याच वर्षी मी त्यासाठी एक तक्ता केला. पिण्याचं पाणी, दुकान किती लांब, बोट वळवायला जागा आहे का, असे रकाने होते. शेवटचा रकाना होता 'आकाश'.

हाच सगळ्यांत महत्त्वाचा. मी हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या ड्यूट्या लावते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि दोघांचंही काम बोटीच्या छपरावरच्या सॅटेलाइट डिशवर चालतं. चहाच्या मोठ्या ट्रेएवढी सपाट डिश आहे. तिला उत्तरेकडे मोकळं आकाश दिसलं पाहिजे, एवढंच तिचं मागणं. पाणी दोन दिवस नसलं तर भागवता येतं. सोमवारी सकाळी आकाश नसेल तर मात्र कुठल्यातरी वॉर्डात माणूस कमी पडतं.

यंदा मार्ग नवा होता, म्हणून फेब्रुवारीतल्या दोन रविवारी काठाकाठाने चालून मी एकवीस जागा नोंदवल्या. सात नंबरच्या जागेपुढे लिहिलं, 'आकाश भरपूर. शांत. लग्नासाठी हीच.'

लग्न माझ्या भाचीचं, पुण्यात, मेअखेरीला. माझ्या कानाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. तिच्यासाठी मी एक मंगलाष्टक रचून तिला लिहून पाठवलं होतं. भाचीचा हट्ट असा की ते मावशीनेच म्हणायचं, व्हिडिओवरून, कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर, मुहूर्ताच्या वेळी. ताईला, म्हणजे तिच्या आईला, हे अजिबात पसंत नव्हतं.

"अगं, रेकॉर्ड करून पाठव ना. ऐन वेळी तुझी ती तबकडी बंद पडली तर दोनशे माणसांपुढे मी काय करू?"

"ताई, लग्न आहे ते. स्टेशनवरची अनाउन्समेंट नव्हे."

"नावेत बसून गाणार म्हणे! तुझं आपलं काहीतरीच."

"तीन वर्षांत माझी एक तरी मीटिंग चुकलीय का?"

"मीटिंग पुढे ढकलता येते," ताई म्हणाली. "मुहूर्त नाही ढकलता येत."

मी शब्द दिला. मुहूर्त अकरा चाळीसचा होता, म्हणजे आमच्याकडे सकाळी सात दहाचा.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही सात नंबरला पोचलो. नवऱ्याने बोट बांधली, माझा तक्ता उघडला आणि मोठ्याने वाचलं, "आकाश भरपूर. शांत." मग म्हणाला, "शांत आहे खरं. आता वर बघ."

वर हिरवं छत होतं. फेब्रुवारीत तिथे नुसत्या काड्या होत्या आणि त्यांच्या फटींतून मला सगळं आकाश दिसलं होतं. या देशात मला वीस वर्षं झाली. दर हिवाळ्याआधी घरामागच्या गटाराच्या जाळीतून मी स्वतः पोतंभर पानं काढते. तरीही यादी करताना झाड म्हणजे झाड, आज आहे तसंच उद्या, असंच मी धरून चालले. पुण्यात वाढलेल्या डोळ्याची ही सवय असावी. मी तक्त्यात 'कोणत्या महिन्यात पाहिलं' असा एक रकाना वाढवला आणि एकवीसच्या एकवीस जागांपुढे फेब्रुवारी लिहिलं. फार सुखाचं काम नव्हतं ते.

ताईला चाचणीचा कॉल लावला. पाच मिनिटांत तीनदा तुटला. कॅनॉल तिथे दोन उंच उतारांच्या मधून जातो, त्यामुळे मोबाइललाही जेमतेम एक दांडी. ताई एवढंच म्हणाली, "बघ बाई." हे तिचं सगळ्यांत कडक वाक्य आहे.

नकाशा काढला. पुढे चढणीची तीन लॉक, आणि त्यानंतर भरावावरून जाणारा, दोन्ही बाजूंना शेतं असलेला उघडा पट्टा. दीड तासाचं काम, पण दिवसभराच्या प्रवासाने दोघंही थकलो होतो.

"पाचला निघू," मी म्हटलं.

"पाचला इंजिन? लोक बूट फेकून मारतील."

"मग हळू ने."

पाचला उजाडलेलं होतं. मी रेशमी साडी खोचली, खाली गमबूट घातले आणि काठाने पुढे चालू लागले. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरू द्यायचं, की बोट वर चढते. दारं जड असतात, दांड्याला पाठ लावून ढकलावी लागतात. दोन लॉक सरळ झाली. तिसरं आधीच भरलेलं निघालं, म्हणजे ते रिकामं करा, मग आत जा, मग पुन्हा भरा. तिथे वीस मिनिटं गेली.

सहा चाळीसला आम्ही भरावावर आलो. आकाश इकडून तिकडे पसरलेलं, आणि त्याच्याखाली बोटींची रांग, नाकाला नाक लावून. बांधायला एक हात जागा नाही. मला कुणाकडे काही मागायला आवडत नाही. पण एका बोटीवर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत उभे होते. त्यांना विचारलं, तुमच्या बोटीला आमची बोट बांधू का?

"किती वेळ?"

"लग्न लागेपर्यंत."

त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं, मग गमबुटांकडे. "तुमचं?"

"भाचीचं. पुण्यात."

त्यांनी कप खाली ठेवला आणि दोरासाठी हात पुढे केला.

डिश सुरू व्हायला काही मिनिटं घेते. सात वाजून चार मिनिटांनी पडद्यावर कार्यालय दिसलं. अंतरपाट धरलेला, माझ्या आधी नवऱ्यामुलाच्या आत्याबाई गात होत्या. माझी पाळी आली. मी डोळे मिटून सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी स्वच्छ गेल्या. तिसरी संपता संपता डोळे उघडले तर चित्र गोठलेलं. तिकडे आवाज जातोय की नाही, कळायला मार्ग नव्हता. थांबले असते तर गेलंच असतं. मी चौथी ओळ पूर्ण म्हटली, 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हटलं, आणि केबिनच्या लाकडी भिंतीवर अक्षता टाकल्या.

छपरावरून नवऱ्याचा आवाज आला. "डिश जरा तिरकी वाटली, सरळ करत होतो. आता कसं येतंय?"

म्हणजे ऐन मुहूर्ताला तो डिशवर ओणवा होता.

तासाभराने ताईचा फोन आला. मागे पंगतीचा गलका.

"मुहूर्त गाठला ना?" मी विचारलं.

"अकरा चाळीसला अक्षता पडल्या. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"माझं किती ऐकू आलं?"

"तीन ओळी. चौथीला तू पडद्यावर, तोंड उघडं टाकून. खांबाएवढी."

"मग?"

"मग काय! गुरुजी माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे. आणि अंतरपाटाच्या मागून आवाज आला. बाईसाहेबांनी स्वतःच म्हटली चौथी ओळ. नवरीने स्वतःचं मंगलाष्टक म्हटलेलं कधी ऐकलंयस?"

"सुरात होती?"

"छे," ताई म्हणाली. "पण शब्द न् शब्द पाठ होती."