तांबडीची पहिली धार

पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये आज दूध नासलं. सिंकमध्ये ओतताना गुठळ्या दिसल्या आणि तो आंबट वास मला थेट वैजापूरकडच्या सासरच्या गोठ्यात घेऊन गेला.

आमच्या तांबडी गाईची धार मीच काढायचे. तिला दगडी झाली होती. कास सुजून टणक, हात लावला की लाथ. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिचा हातच वंगाळ! आजपासून गोठ्यात पाय ठिवू नको."

दुपारी त्या शेतात असताना डॉक्टर आले. "हे दूध जमिनीवर सांडू नका, दुसरीला लागण होईल," असं मला एकटीलाच सांगून गेले.

संध्याकाळी मी दारातूनच पाहिलं. सासूबाई स्वतः धारेला बसल्या आणि घरच्या रिवाजाप्रमाणे पहिली धार धरतीमायला म्हणून खाली सोडली. पिवळट, गुठळ्यांची. त्याच ओलीवर शेजारी बांधलेली आमची दुसरी गाय, कपिला, कास टेकून बसली.

मी तोंड उघडलं नाही. माझा हात वंगाळ ना, मग चालू द्या तुमचा!

आठवड्यात कपिलेचे दोन सड कायमचे आटले.

सासूबाईंवरचा राग अजून तसाच आहे. कपिला मात्र शेवटपर्यंत, पाण्यावर सोडली की, माझाच हात चाटायची.