एका काचेला तपासणारे किती?

चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या त्या कारखान्यात भिंगमामा सव्वीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसत होते. घासलेली काच त्यांच्याकडे यायची. ते ती दिव्यासमोर तिरकी धरायचे, एक डोळा मिटायचे आणि मनाला पटली तरच ट्रेमधल्या चिठ्ठीवर आद्याक्षरं टाकायचे. संशय हा त्यांचा धंदाच. घरी मामीनं चहा पुढे ठेवला तर कपसुद्धा तसाच उजेडात धरायचे.

"विष नाही घातलं, साखर संपलीय," मामी म्हणायची.

आता कारखान्यात तपासणीचं यंत्र येणार अशी कुजबुज होती. त्यातच मालकांनी ऑर्डरींच्या नोंदी संगणकावर आणायचं नवं काम काढलं आणि त्यासाठी एक तरुण बाई वही घेऊन मामांच्या टेबलाशी येऊन बसली. मामांच्या मनात पाल चुकचुकली. ज्याला नारळ द्यायचा, त्याच्याशी आधी गोड बोलतात, हे त्यांना पाठ होतं.

बाईचं काम मात्र अजब. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. ती कागदावर चौकोन काढी. एकात 'गिऱ्हाईक', दुसऱ्यात 'ऑर्डर', तिसऱ्यात 'काच'. मग दोन चौकोनांमध्ये रेघ ओढी आणि रेघेच्या टोकाशी आकडा घालायला मामांच्या तोंडाकडे बघत बसे.

"मामा, एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी किती असू शकतात?"

"कितीही. डोळे शाबूत आहेत तोवर."

"आणि एका ऑर्डरीत काचा?"

"माणसाला डोळे किती?"

"दोन."

"मग झालं तर!"

तिनं रेघेवर 'नेमक्या दोन' असं लिहिलं. मामा मनातल्या मनात खूश. कारण आठवड्याला चार-पाच ऑर्डरी एकाच काचेच्या येत: उजवी पडून फुटलेली, डावी धडधाकट. आणि घासताना एखादी तडकली, तर त्याच ऑर्डरीत तिसरी काच लागे. हे सगळं मामांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. राहू दे तिथंच! संगणक अडला की झक मारत येतील आपल्याकडे.

संध्याकाळी त्यांनी ही चाल मोठ्या ऐटीत मामीला सांगितली.

"पोरीनं विचारलं आणि तुम्ही लपवलंत?"

"विचारलं तेवढं सांगितलं."

"वा! मग उद्यापासून काचही कुणी सांगेल तेवढीच बघत जा."

चौथ्या दिवशी बाई मोठा कागद घेऊन आली. प्रत्येक रेघेखाली एकेक साधं वाक्य. "बरोबर असेल तर खाली सही करा, मामा. यावरूनच पुढचं सगळं बांधणार. तुमच्या सहीशिवाय नाही, असं मालकांनी सांगितलंय."

यात डाव असणारच. उद्या काही बिनसलं की सही कुणाची? भिंगमामांची! त्यांनी पेन उघडलं. 'प्रत्येक ऑर्डरीत नेमक्या दोन काचा.' आणि हात पुढं सरकेना. खोट ठाऊक असलेल्या मालावर त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही अक्षर टाकलं नव्हतं. नोकरीसाठी गप्प बसायला हवं होतं. पण तोंड आवरलं नाही.

"चुकलंय हे."

"कुठं?"

"काच एकही असते. तीनही होतात." आणि मग जे सांगत सुटले, ते थांबेचनात.

बाई चिडली नाही, खोडरबर शोधायला लागली. हे तर जास्तच संशयास्पद.

"मामा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही डोळे मोजत होतात."

"तुम्हीच मोजायला लावलेत!"

मामांना हसू आलं, पण ते त्यांनी गिळलं. कागदाच्या कोपऱ्यात त्यांची नजर अडली होती. 'काच' आणि 'तपासनीस' या चौकोनांमधली रेघ, आणि तिच्या टोकाशी शून्य.

"तपासणारा शून्य? म्हणजे मी नाहीच?"

"ते मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तूर्त शून्य. न तपासता काच बाहेर जाऊ शकते?"

"मी मेलो तरी नाही."

"आणि नुसत्या यंत्रानं तपासली तर?"

"यंत्राला ओरखडा दिसेल. गिऱ्हाइकाला तो खुपेल की नाही, ते कसं कळणार?"

"मग तो नियम झाला. नियम तुम्ही सांगायचा, मी फक्त लिहिते." तिनं शून्य खोडलं आणि लिहिलं: 'प्रत्येक काचेला तपासणारा माणूस किमान एक.'

मामा त्या एकाकडे बघत राहिले. "हा एक म्हणजे मीच ना?"

"ते कागद नाही सांगत, मामा. माणूस हवा, एवढंच सांगतो. कोण, ते मालक ठरवणार."

निदान थाप तरी मारली नाही, मामांना वाटलं. त्यांनी सही केली. बाईनं कागदासाठी हात पुढं केला, तर त्यांनी तो छातीशी धरला.

"मी नेऊन देतो. वाटेत पुन्हा शून्य झालं तर?"

मालक फोनवर होते. त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली. मामांनी कागद टेबलावर पसरला, त्या एका वाक्याखाली बोट ठेवलं आणि फोन संपेपर्यंत तिथंच उभे राहिले.