असोद्याचे पाणी धुळ्याला

शहराच्या सहलीचे बेत आखण्यात माझा हात धरील असा माणूस आमच्या अख्ख्या असोदा गावात नाही. बेत पार पाडण्याची गोष्ट निराळी. जळगावच्या मेहरूणची बोरे खायला आणि तळे पाहायला म्हणून मी एकदा सहकुटुंब निघालो, तेव्हा वैशाख चालू होता. झाडांना काटे होते, तळ्यात म्हशी होत्या, आणि शाळेत पोरांना ऋतू शिकवणारा मास्तर, म्हणजे मी, काठावर उभा राहून घाम पुसत होता. बोरे थंडीत येतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. बेताच्या भरात ध्यानात राहिले नाही, इतकेच. परतीच्या बैलगाडीत माझी बायको बेबाबाई एवढेच म्हणाली, "मास्तर, काटे मोठे छान व्हते."

लग्नात मी मास्तर नव्हतो. पण नोकरी लागल्यापासून तिने मला दुसरी हाकच मारली नाही. ठेंगणी, काटक, चालताना जमिनीला काही सांगत असल्यासारखी खाली बघणारी. बोलणे मोजके. माझे बेत माझ्या तोंडात असतात, तिचे गाठोड्यात. गाठोडे सुटेपर्यंत बेत काय होता ते कळत नाही, आणि कळते तेव्हा माझी चूक होऊन गेलेली असते.

आमची एकुलती लेक सुंदर धुळ्याला दिली. जावई छगनराव एका कापडदुकानात कामाला, सालस माणूस. लग्नाला सहा वर्षे झाली, पण पाळणा हलला नव्हता. आणि आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. बेबाबाई रीतीची पक्की. आदल्या वर्षी आम्ही धुळ्याला गेलो, तेव्हा सुंदरने ताट वाढले. बेबाबाईने ताटाला हात लावून नमस्कार केला आणि उठली. सुंदर भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मले लेकरू नही, म्हनून तुले माझ्या हातची भाकर बी नही का?"

  त्यानंतर वर्षभर बेबाबाई जेवायला बसली की पहिला घास हातात धरून क्षणभर थांबायची. मी ते पाहायचो आणि वरण मागायचो. आमची शूरता तेवढीच.

सन छत्तीसच्या नाताळच्या सुटीत मी पुन्हा धुळ्याचा बेत आखला. या खेपेला असा, की लेकीला भेटायचे पण तिच्या घरी जेवणाची वेळच येऊ द्यायची नाही. स्टेशनवर उतरताच जिलबी-भजी. मग आग्रा रोडवर बेबाबाईला लुगडे, मला काळी टोपी. दुपारी खानावळीत शेवेची भाजी. तिसऱ्या प्रहरी एकवीरादेवी आणि पांझरेचा काठ, संध्याकाळी सिनेमा, दुसऱ्या दिवशी लळिंगचा किल्ला. लेकीकडे बसायचे ते दोन जेवणांच्या मधल्या फटीत. येतो म्हणून तिला पत्रही टाकले. शेजारचा झुलाल ओट्यावर बसून हे सगळे ऐकत होता.

"मास्तर, किल्ला चढसान?" त्याने विचारले.

"का नाही?"

"नही, काल मारुतीच्या तीन पायऱ्या चढले तं पारावर बसून घेतलं तुमी. म्हनून इचारलं."

बेबाबाई आतून हसल्याचे ऐकू आले. बेताला तिने हरकत घेतली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

निघायच्या सकाळी गाडीत सामान चढले. टोपलीभर हिरवी भरताची वांगी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी, मिठाची पुडी, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, तेलाची बाटली. इथवर समजण्यासारखे होते. मग आली पऱ्हाट्यांची मोळी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरतात त्या वाळक्या काड्या. आणि शेवटी आमच्या विहिरीच्या पाण्याने भरलेली, तोंडाला फडके बांधलेली तांब्याची कळशी.

"धुळ्यात पाणी नाही का?" मी विचारले.

"आहे."

"जळण नाही?"

"आहे. तुमी मोळी धरा. अन् या पान्याले हात लावू नका."

धुळ्याचे पाणी तिला बाधते, असा निष्कर्ष मी काढला. मास्तर माणूस निष्कर्षावाचून राहत नाही. जळगावच्या फलाटावर मी डाव्या खांद्यावर मोळी आणि उजव्या हातात टोपली घेऊन उभा होतो. एक उतारू मला विचारून गेला, "काड्या कशा दिल्या?"

चाळीसगावला धुळ्याची गाडी धरायची होती. इंजिनाच्या काजळीने माझे तोंड तव्यासारखे झाले होते. जावयाच्या शहरात असे उतरणे बरे दिसेना. नळाला ही गर्दी. बेबाबाई सावलीत बायकांशी बोलत बसलेली. मी विचार केला, ओंजळभर घेतले तर काय बिघडते? पहिल्या ओंजळीने तोंड ओले झाले, दुसरीने काजळी मानेवर उतरली, मग मान धुवावी लागली. मान धुतल्यावर पाय फार मळके दिसू लागले. पाय धुतल्यावर वहाणा. स्वच्छतेचा हा असा दुर्गुण आहे, की ती एका जागी थांबत नाही. कळशी रिकामी झाली तेव्हा मी मात्र चकचकीत दिसत होतो.

बेबाबाई आली. कळशी तिने हलवून पाहिली. मला पाहिले.

"झालं का बाशिंग बांधायजोगं तोंड?"

"नळावरून भरून आणतो ना!"

"त्या नळाले कोनी बी तोंड लावते," असे म्हणून ती मोळीवरच बसली. आणि मग अख्ख्या संसारात पहिल्यांदाच तिने आपला बेत तोंडाने सांगितला. "मास्तर, वांगं आपलं, पीठ आपलं, मीठ आपलं, जयन आपलं. पानी बी आपलं व्हतं. रांधनार फक्त पोरगी. मंग मी लेकीचं खाल्लं असं कोन म्हनलं असतं? रीत बी राहती, पोरीच्या हातची भाकर बी भेटती. आता सांगा, पीठ कसानं भिजवू? तुमच्या तोंडानं?"

इतक्यात गाडीने शिट्टी दिली. मी मोळी उचलली. तिच्याखाली लपता आले असते तर तेही केले असते.

धुळ्याला टांगेवाला आमच्याकडे आणि मोळीकडे आळीपाळीने पाहू लागला. "बठ्ठा सामान तुमनाच शे का, नाना? कोठे जानं शे? मसनवटामा?" चाळीसगावनंतर बेबाबाई पहिल्यांदा हसली. मी तेवढ्यावर समाधान मानले. जिलबीचे दुकान डाव्या हाताला मागे पडले, मी मान वळवून त्याला निरोप दिला.

छगनराव दुकानात गेले होते. सुंदर दारात आली, आईच्या गळ्यात पडली, आणि सामान पाहून उभीच राहिली. बेबाबाईने तिला सगळे समजावले, पाण्याच्या हकिकतीसकट. ती सांगताना माझा एकही पाय धुवायचा राहिला नाही.

"आता?" सुंदरने विचारले. तिचा आवाज जरा खाली आला होता.

तेव्हा मला कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली ती एकच कामाची कल्पना असावी. "पांझरा! नदी काय कुणाच्या बापाची आहे? नदीचे पाणी म्हणजे गंगाच."

बेबाबाईने विचार केला. "जा," ती म्हणाली, "पन येतायेता अंघोय करू नका."

अशा रीतीने मी धुळे पाहिले. खांद्यावर कळशी घेऊन आग्रा रोडने गेलो. कापडदुकानाच्या गादीवरून एकाने "या, लुगडी पाहा" म्हणून हाक मारली, मी कळशी दाखवली. पांझरेच्या पात्रात उतरताना एकवीरादेवीला लांबूनच हात जोडले. पाणी थंडीने आखडून पार मधल्या धारेला गेले होते, तिथवर वाळू तुडवली. येताना एक म्हातारी म्हणाली, "काय वो नाना, घरमा बाई नही शे का पानी भराले?" मी म्हटले, "दोन आहेत, म्हणूनच." भरली कळशी घेऊन चढ चढताना लळिंगचा किल्लाही चढल्याचे पुण्य मिळाले.

गल्लीच्या तोंडाशीच भाजलेल्या वांग्यांचा वास आला. पऱ्हाट्यांचा धूर अंगणातून रस्त्यावर येत होता आणि दोन-तीन शेजारणी नाक वर करून उभ्या होत्या. मी धापा टाकत आत शिरलो आणि म्हणालो, "आणले!"

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती.

मी भाकरीकडे पाहिले, मग परातीतल्या भिजल्या पिठाकडे. "हे पीठ कशाने भिजवले?"

 सुंदर चुलीपुढे बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती पदराने पुसत होती. बेबाबाई भिंतीला टेकून, ताट पुढे घेऊन जेवत होती. घास हातात धरून थांबत नव्हती. तिच्या शेजारी लेकीच्या घरचा तांब्या होता.

"पोरगी सकायपासून उपाशी व्हती," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "मी जेवल्याबिगर जेवनार नही म्हने. तुमची वाट पाहत बसली असती तं आज चूल पेटती का? रीत पाडनाऱ्याले भूक लागत नसंन." तिने तांब्या पालथा करून दाखवला. "सुंदर, वत अजून."

सुंदरने माठातले पाणी ओतले. बेबाबाई ते घटाघटा प्यायली.

मी कळशी खांद्यावर घेऊन तसाच उभा. "मग या पाण्याचे काय करू?"

"तोंड धुवा," बेबाबाई म्हणाली. "तुमाले सवय आहे."

मी अंगणात गेलो आणि खरोखरच धुतले. या खेपेला काजळी नव्हती, तरी बराच वेळ लागला.